न फुटणारा नंबर

बनशंकरीतल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे अण्णा नवा माणूस भेटला की आधी त्याच्या मोबाइल नंबरचे अवयव पाडतात. माझा नंबर ऐकताच त्यांनी तोंड वाकडं केलं. "सम संख्या! दोननंच भाग गेला की ओ."

स्वतःचा नंबर मात्र मूळ संख्या, कशानंही भाग न जाणारा, ही त्यांची मिजास. लिफ्टची वाट बघताना पेपरच्या कडेला भागाकार चालायचा आणि बाकी उरली की चेहरा खुलायचा.

परवा ऑफिसात मी गंमत म्हणून तो नंबर कॉम्प्युटरवर टाकला. क्षणात दोन तुकडे झाले, दोन्ही पाच आकडी मूळ संख्या. सांगू की नको करत संध्याकाळी सांगून टाकलं. अण्णांचा चेहरा पडला.

"दोनच?" त्यांनी विचारलं.

"दोनच."

"सरी, ठीक आहे," म्हणाले आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, आता बोलणं बंद.

सकाळी लिफ्टमध्ये त्यांच्या पत्नी, अक्का, भेटल्या. हातात भाजीची पिशवी, मान ताठ.

"आमचा नंबर दोघांचा निघाला म्हणे," त्या म्हणाल्या. "त्यातला मोठा माझा. भांडून घेतला."