चाळीस सेकंदांची शकुन

अकोल्यात कुणाच्या लग्नात वारलेले आजोबा भिंतीवरून नातवाकडे बघून हसताना दिसले, तर ते काम देवमन तायडेचं समजावं. बाबासाहेबांच्या जयंतीला चार मजली इमारतीवर प्रकाशाची चित्रं, कॉलेजच्या गॅदरिंगला पडद्याऐवजी अख्खी भिंत, हेही तो करायचा. पण त्याचं नाव झालं ते गेलेल्या माणसांमुळे. लोक पाकिटातला फोटो आणून देत, देवमन तो तीस फूट करून दाखवी आणि हॉलभर पदर डोळ्यांना लागत.

तो स्वतः मात्र चेहऱ्याकडे कधी बघत नसे. आधी भिंतीवर रेघांची जाळी टाकायची, तिचे चार कोपरे भिंतीच्या कोपऱ्यांवर बसवायचे आणि शेवटपर्यंत तेच राखायचे. माणसं नाचली की प्रोजेक्टरचा स्टँड हलतो, चित्र सरकतं आणि कुणाच्या तरी आजोबांचा कान खिडकीत जातो. असं त्याने पंधरा वर्षांत एकदाही होऊ दिलं नव्हतं.

त्याची बायको शकुन उन्हाळ्यात गेली. देवमन रडला नाही. तिच्या जलदानविधीला मेहुणे एकमेकांच्या गळ्यात पडले, तेव्हा हा मंडपवाल्याशी खुर्च्यांचं बोलत होता. नातेवाइकांनी त्याला दगडाच्या काळजाचा ठरवून टाकलं. नातेवाइकांना काहीतरी ठरवायला लागतंच. आतून त्यालाही भीती वाटायची. जेवण जात होतं, झोप लागत होती, कामं होत होती. दुःख म्हणून जे असतं ते कुठे गेलं, तेच सापडत नव्हतं. एकदा तरी रडता यावं, एवढी एकच इच्छा त्याच्यात उरली होती.

आठ महिन्यांनी मुलीचं, रश्मीचं लग्न निघालं. तिने मोबाईलमधला एक व्हिडिओ काढून दिला. चिखलदऱ्याच्या वाऱ्यात पदर सांभाळत हसणारी शकुन, चाळीस सेकंद. बुद्धवंदनेआधी आईला भिंतीवर आणा, असं तिने सांगितलं, आणि प्रोजेक्टर तुमच्या हाताखालच्या ललितकाकांवर सोपवून तुम्ही समोरच्या खुर्चीत बसा, असंही. पहिलं त्याने लगेच मान्य केलं. इतके लोक आपल्या भिंतीपुढे रडले, आपणही रडू, असं त्याला वाटलं. दुसरं मात्र त्याने उडवून लावलं. मुलीच्या लग्नात कोपरा सरकला तर काय तोंड दाखवायचं?

भर दुपारी हॉलचे पडदे ओढले. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे मेणबत्त्या लावल्या. शकुन भिंतीवर आली, तीस फुटांची, हसत. नेमकी तेव्हाच बायकांची एक रांग उठून पुढे सरकली, स्टँड हलला आणि डावा कोपरा खाली घसरला. देवमनचा हात बटणावर गेला. थोडं वर. जास्त झालं. पुन्हा खाली. कोपरा अगदी बरोबर बसला, तेव्हा चाळीस सेकंद संपून भिंत पांढरी झाली होती आणि हॉल रडत होता.

पाठवणीच्या वेळी रश्मी त्याला बाजूला घेऊन गेली.

"आईले पाह्यलं का, बाबा?"

"डावा कोपरा सरकला होता," देवमन म्हणाला. "पण बसवला मी."

मग जे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, ते तो बोलून गेला.

"मले रडू येऊनच नाही राहिलं, माय. आठ महिने झाले."

"माईत हाय मले," रश्मी म्हणाली. "म्हणून तं लावाले सांगितलं होतं. पावण्यायसाठी नव्हतं ते. तुमच्यासाठी होतं."

आता तरी येईल, असं देवमनला वाटलं. लेकीचा हात हातात धरून तो तसाच उभा राहिला, वाट बघत. नवरदेवाकडची परतवाड्याची माणसं गाडीत बसून झाली, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. रश्मीही थांबली होती, त्याच्याकडे बघत. काही आलं नाही. शेवटी त्यानेच तिचा हात सोडला.