आईच्या मांडीवर पाऊल

ओरत्तनाडूच्या सरकारी शाळेत दुपारचे जेवण रांधून आईने मला पदवीपर्यंत शिकविले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मी बँकेत बसावे असे तिच्या मनात होते. मी मात्र एका हॉटेलात नोकरीला लागले, त्यांनी मला चियांग माईला पाठविले, आणि तिथून मी थाई मसाज शिकून आले. आता तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेऊन बायकांवर उपचार करते.

यात तेल नाही, कपडे उतरवणे नाही. जमिनीवर गादी घालायची, माणसाला निजवायचे, आणि तळव्यांनी, कोपरांनी, गुडघ्यांनी, पावलांनी हळूहळू आपला भार त्याच्या अंगावर टाकायचा. शिकताना आम्ही मुली एकमेकींवर सराव करायचो. एकीचे झाले की दुसरी आडवी व्हायची. ते दिवस मला फार आठवतात. इथे हे काम जाणणारी दुसरी कोणी माझ्या माहितीत नाही. दिवसभर मी इतरांच्या पाठी मोकळ्या करते. माझी दुखली की भिंतीला टेकून बसते.

रविवारी बसने ओरत्तनाडूला आईकडे जाते. वडील गेल्यापासून ती एकटी. आमची तंजावुरी मराठी बोलायला त्या रस्त्यावर तिला कोणी उरलेले नाही, म्हणून मी गेले की आठवड्याचे सगळे एकदम बोलते.

एका रविवारी पाहिले, तर ती ओट्याशी उभी राहून जेवत होती.

"बसत का नाहीस?"

"बसले तर उठवायला कोण येणार? तू तर रविवारची पाहुणी."

मोठाल्या पातेल्यांपुढे इतकी वर्षे वाकून, उकिडवे बसून तिचा उजवा खुबा आणि मांडी आखडून गेली होती. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितले, हाडाला काही नाही, स्नायू आखडलेत, व्यायाम करा. व्यायाम ती करणार नव्हती.

मला वाटले, मी शिकले ते यासाठीच. चटई घातली, तिला पालथे निजविले. पोटऱ्या दाबल्या तोवर ठीक होते. मांडीची मागची बाजू मात्र इतकी घट्ट, की हाताचा जोर पुरेना. मी उभी राहिले आणि पाऊल तिच्या मांडीवर ठेवले.

ती कशीबशी कुशीवर वळली. "पाय लावलास? आईला?"

चुकून कुणाला पाय लागला तरी आम्ही वाकून स्पर्श करतो आणि हात डोळ्यांना लावतो. मी तेच केले, मग समजावू लागले. "तिथे असेच करतात, आई. आधी हात जोडतात, गुरूला आठवतात, मग..."

"आधी हात जोडून मग लाथ घालतात? बरे शिकविले गे तुला!"

तिचे तिलाच हसू आले. मग हळू आवाजात म्हणाली, "नको गे. माझे मी सोसेन. तुला पाप लागायला नको."

पुढचे कित्येक रविवार मी हातांनीच दाबले. तिला घटकाभर बरे वाटे, संध्याकाळी मी निघेपर्यंत पुन्हा तेच. मी एक खुर्ची आणून दिली. तिने तिच्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवल्या.

मग एकदा मी पोचले तर चटई आधीच अंथरलेली होती. भिंत धरून ती खाली उतरली, पालथी झाली आणि तोंड भिंतीकडे फिरविले.

"डोळे मिटलेत मी," ती म्हणाली. "तू काय करतेस ते मला दिसत नाही. सांगूही नकोस."

मी हात जोडले. भिंतीचा आधार घेऊन पाऊल ठेवले. ती श्वास सोडी तेव्हा भार टाकायचा, घेई तेव्हा काढायचा. हात कुठला आणि पाऊल कुठले, हे न कळण्याइतकी ती भोळी नाही. पण तोंड तिने भिंतीकडेच ठेवले. हळूहळू मांडी सैलावली आणि तिला झोप लागली. मी बाजूला बसून राहिले. उठवावेसे वाटेना.

जागी झाल्यावर ती भिंत न धरता उठली. तिने काहीतरी म्हणावे असे मला फार वाटत होते. ती कॉफी करायला गेली.

तेवढ्यात शेजारची मामी आली. आई तिला तमिळमध्ये म्हणाली, "लेकीच्या हाताला काय जोर आहे, मामी! बँकेत बसून आला असता होय?"

मामीने माझा हात उलटसुलट करून पाहिला. "हा हात? हा तर मऊ आहे."

आई पेले मोजत राहिली. मी पाय जवळ ओढून घेतले. "सवयीने येतो जोर, मामी," म्हणाले.

त्या दिवशी आईने दोघींची ताटे जमिनीवर मांडली, समोरासमोर. ती खाली बसली. कशामुळे बसता आले, ते तिने बोलून दाखविले नाही, मीही नाही. अजूनही तो विषय आमच्यात नाही. भात कालवताना ती एवढेच म्हणाली, "जेव लवकर. बस चुकेल तुझी."