दारातली चूल

आधी तो चहा संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा सांगत होतो तेव्हा आमच्या साडूंच्या तोंडात चहा होता, आणि तो सगळा माझ्या शर्टावर आला. हसा हो, खुशाल हसा! अख्खं गाव हसतंय, तुम्ही कशाला मागे राहता?

तर झालं काय, आईला मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांना. किती दिवस मी आणि ताई मागे लागलो होतो, पुण्याला चल, ऑपरेशन करून टाकू. पण तिचं एकच पालुपद, "आन् घर कोन बगंल?"

आईचं घर विंझरच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत. घर म्हणजे काय, वर पत्रा, पुढे ओटा, ओट्यापुढे अंगण, मागे न्हाणी आणि गोठा. गोठ्यात एक म्हैस. पण आई बोलायला लागली की वाटावं, तोरण्याची किल्लेदारी हिच्याकडेच आहे.

"मी बघतो ना घर," मी म्हणालो. "आठवडाभर रजा टाकतो. तू जा ताईकडे."

आईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. अंधूक दिसत होतं तरी पाहिलं.

"तू?"

बास. एवढंच म्हणाली. पण त्यात सगळं आलं. पाचवीपासून मी पुण्यात होस्टेलला. पुढं नोकरी पुण्यात, संसार पुण्यात. गावात मी कायमचा पाहुणा. म्हैससुद्धा माझ्याकडे पाहुणा बघावा तशी बघते.

शेवटी ताई रडली, मी रुसलो, तेव्हा कुठं आई तयार झाली. तीही अटीवर. "एक डोळा करून बगते. घर नीट ऱ्हायलं तर दुसरा. न्हाईतर ऱ्हाऊ दे तसाच."

म्हणजे बघा! ऑपरेशन आईचं, परीक्षा माझी. दुसरा डोळा होणार की नाही, हे सगळं माझ्यावर येऊन बसलं.

निघताना गाडीत बसेपर्यंत सूचना. "म्हशीची धार शेजारची धोंडाकाकू काडंल, तू मदीमदी करू नगंस. मांजराला दुदापाशी जाऊ दिऊ नगंस. आन् न्हाणीतल्या चुलीत कोंबडी अंड्यावर बसलीया. तिला हात लावायचा न्हाई. पिल्लं निगंस्तवर ती चूल तिची."

"बरं."

"आंगुळीचं पानी ग्यासवर तापव."

"बरं गं बाई!"

एक गोष्ट तिला मी सांगितली नव्हती. केस फार गळायला लागले होते, म्हणून त्याच आठवड्यात मी डोक्याचा सरळ गोटा करून टाकला होता. आई जिवंत असताना गोटा केला म्हटल्यावर तिनं मलाच बदडलं असतं. थंडी होती, कानटोपी घालून गेलो. कुणाला पत्ता नाही.

आणि मग काय सुख सांगू तुम्हाला! सकाळी उठायचं, ओट्यावर घोंगडी टाकून बसायचं, हातात कोरा चहा. समोर डोंगरावर धुकं. मांजर मांडीत. फोनला रेंज नाही, त्यासाठी वर टाकीपाशी जावं लागतं, म्हणून मी जातच नव्हतो. कुणी 'अर्जंट' म्हणत नाही, कुणी 'मीटिंग' म्हणत नाही. दुपारी पिठलं-भाकरी, भाकरी धोंडाकाकूंची. नंतर झोप. मला वाटलं, च्यायला, आई इतकी वर्षं हे सुख एकटी खातेय आणि आम्हाला सांगतेय, लई काम असतं!

दोन-तीन दिवस असे गेले आणि एका सकाळी मला दुर्बुद्धी सुचली.

वाटलं, चुलीवरच्या पाण्यानं आंघोळ करावी. तो धुराचा वास, ते कढत पाणी! गॅसवरच्या पाण्याला काय चव आहे? पण न्हाणीत गेलो तर चुलीत कोंबडी. मी नुसतं डोकावलो तर अशी फिस्कारली, की मी हात जोडून मागे आलो. मागच्या अंगाला ऊनही नव्हतं. अंगणात मात्र कोवळं ऊन मस्त पसरलेलं. म्हटलं, इथंच मांडू! तीन दगड आणले, दारासमोर चूल मांडली, वर मोठा हंडा ठेवला, लाकडं घातली, पेटवली.

तुमच्यातले जे गावाकडचे आहेत त्यांनी आत्ताच कपाळाला हात लावला असेल. बाकीच्यांना सांगतो. आपल्याकडे दारात तीन दगडांची चूल मांडून पाणी कधी तापवतात? घरात कुणी वारलं तर. मयताच्या आंघोळीसाठी. एरवी मेलं तरी कुणी दारात चूल मांडत नाही.

हे मला ठाऊक नव्हतं हो! लहानपणी मयताच्या घरी आम्हाला पोरांना जाऊच देत नसत. वडिलांच्या वेळी सगळं पुण्यातच, दवाखान्यातून परस्पर उरकलं होतं. आणि आईनं एवढ्या सूचना दिल्या, पण 'दारात चूल पेटवू नगंस' असं ती कशाला सांगेल? हे काय सांगायचं असतं का कुणाला?

पहिल्या आल्या धोंडाकाकू. धारेची चरवी घेऊन येत होत्या. अंगणाच्या कडेला थबकल्या. चुलीकडे बघितलं, हंड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चरवी खाली ठेवली आणि मटकन तिथंच बसल्या. डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"या काकू! बघा कसं झकास पेटलंय!" मी म्हणालो.

काकूंनी तोंडाला पदर लावला.

मला वाटलं, धूर जातोय डोळ्यात.

थोड्या वेळानं बबनतात्या आले. तात्या म्हणजे गावात कुणाचंही काही झालं की पुढं होणारा माणूस, मग ते लग्न असो की मयत. तेही काही न बोलता ओट्याखाली उकिडवे बसले. मग आणखी चार-पाच जण आले. मग बायका आल्या. सगळे येतात आणि गप बसतात. मयताच्या दारात काही विचारायचं नसतं, येऊन बसायचं असतं, ही रीत. मला मात्र भरून आलं. काय प्रेम आहे बघा! पुण्यात शेजारी लिफ्टमध्येसुद्धा बोलत नाही, आणि इथं सगळे कामं सोडून माझ्याजवळ येऊन बसलेत!

"चहा टाकतो सगळ्यांना!" मी म्हणालो.

"नगं नगं नगं!" एकदम पाच-सहा जण ओरडले.

"असं कसं? आई नाही म्हणून काय झालं? मी आहे की!"

हे ऐकून मागच्या बायकांनी हुंदका दिला.

मी आत गेलो, गॅस पेटवला. आता मयताच्या घरात चुलीवर काही चढत नाही, आणि आत मी आलं ठेचतोय! वर गाणंही गुणगुणतोय! बाहेर तात्या हळूच म्हणाले ते मला खिडकीतून ऐकू आलं, "डोक्यावर परिनाम झालाय पोराच्या. आईचं लई होतं त्याला."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल बोलतायत.

चहा घेऊन बाहेर आलो तर कुणी कप उचलेना. धोंडाकाकू उठल्या, माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "रड रं बाबा. असं आत ठिवू नगंस. मोकळा हो."

"कशाला रडू काकू? किती दिवसांनी इतका आनंदात आहे मी!"

"आगं आई गं!" काकूंनी टाहो फोडला आणि दोन बायकांना मला धरायला बोलावलं.

तेवढ्यात वारा फिरला आणि चुलीचा सगळा धूर माझ्या तोंडावर आला. डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"रडला! रडला!" तात्या समाधानानं म्हणाले. "आता काय काळजी न्हाई."

मग तात्या कामाला लागले. दोघांना बांबू आणायला पाठवलं. मी ऐकलं आणि खूश झालो. आई कधीची म्हणत होती, परसात वालाच्या वेलाला मांडव घालायचाय, बांबू मिळत नाहीत. मी म्हणालो, "तात्या, चांगले लांब आणा हां. आईला कच्चं काम चालत नाही!"

तात्यांनी डोळे पुसले. "येकदम पक्कं करू बाबा. तू फकस्त बसून ऱ्हा."

एक जण वर टाकीपाशी जाऊन भोंगवलीच्या मामांना फोन लावून आला. मामा टेम्पो भरून निघाले होते म्हणे, त्यांचा निरोप होता, "म्या आल्याबिगर उचलू नका." मला वाटलं हंडा. म्हटलं, मामांनाही चुलीच्या पाण्याची आंघोळ हवीय वाटतं, आणि चांगली दोन लाकडं वाढवली.

पण मामांची वाट किती बघणार? पाणी खदखदायला लागलं. मी पंचा घेतला, सदरा काढला आणि कानटोपी काढली.

गोटा!

जो काही आकांत झाला म्हणता! बायका ऊर बडवायला लागल्या. तात्या उभे राहिले, खाली बसले, परत उभे राहिले. "आरं, म्हंजी पुण्यातच उरकलं व्हय? मंग आता गाडी यायाची न्हाई?" दुसरा म्हणतो, "उरकलं आसंल तर पानी कशाला?" तिसरा म्हणतो, "मग बांबू परत द्यायचं का?" त्यांच्यात वाद पेटला. मला काही कळेना. मला वाटलं, गोटा वाईट दिसतोय. पण इतका?

लाजेनं मी बादली भरली आणि मागे न्हाणीत पळालो. कोंबडी फिस्कारली, तिच्याकडे पाठ केली आणि डोक्याला साबण लावला.

आणि नेमकी त्याच वेळी ताईची गाडी दारात आली.

आईला पुण्यात करमेना. पट्टी निघाल्यावर ताईच्या मागं लागून दोन दिवस आधीच निघाली. काळा चष्मा लावून गाडीतून उतरली. नवा डोळा, सगळं लख्ख दिसतंय! आणि पहिल्यांदा काय दिसलं? दारात चूल, वर हंडा, गाव बसलंय, बायका ऊर बडवतायत आणि कडेला बांबू. घरात माणूस कोण होतं? मी!

"संज्याऽऽ! आरं माज्या लेकराऽऽ!"

इकडं आईला बघून धोंडाकाकूंची वाचाच बसली. तात्या बांबूला धरून थरथरायला लागले. बोलायचं कुणी? आणि आई तर अंगणात बसून सुरू झाली.

"लई गुनाचं हुतं गं माजं लेकरूऽऽ! कदी उलटून बोललं न्हाई गंऽऽ! माज्या डोळ्यासाटी कामधंदा सोडून आलं गंऽऽ!"

मागून ताई ओरडतेय, "आई, रडू नकोस! डॉक्टरांनी रडायचं नाही सांगितलंय!" आई चष्मा सावरून म्हणते, "मी कुटं रडतीया? नुसतं वरडतीया!" आणि पुन्हा, "हुशार हुतं गंऽऽ! यकदा सांगितलं की समजायचं गं त्यालाऽऽ!"

आता तुम्हाला खरं सांगतो. मी न्हाणीत साबण लावलेला उभा. उभ्या जन्मात आईच्या तोंडून मी माझं कौतुक ऐकलं नव्हतं. ती काय म्हणतेय हे कळायच्या आधी नुसतं गोडच वाटलं. पाय हलेना. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. चूल, हंडा, बांबू, आणि आईच्या मते मयत मी! तिच्या डोळ्यातून एक टिपूस जरी आलं तरी सगळं पाण्यात!

तसाच पळालो. पंचा कमरेला, गोट्यावर फेस, डोळे मिटलेले.

"आई! मी आहे! जिवंत आहे!"

आईनं मला खांद्यापासून पायापर्यंत चाचपलं. छातीला धरलं, साबणासकट. मग तिचा हात डोक्यावर गेला. थांबला. केस शोधायला लागला.

"मेल्या, गोटा क्येलास? आन् ही दारात चूल कुनी मांडली?"

"मी. आंघोळीला. कोंबडीला हलवायचं नाही म्हणालीस ना!"

मग अंगणात जो हशा उठला! धोंडाकाकू हसता हसता परत रडायला लागल्या आणि आईच्या गळ्यात पडल्या. तात्या चिडले होते, त्यांची सगळी तयारी वाया गेली होती. आई त्यांना म्हणाली, "भावजी, बांबू आनल्यातच तर वालाला मांडव घाला. पोराला रागावू नगा, म्याच शिकवायला कमी पडले." आणि पदर खोचून तिनं सगळ्यांना चहा टाकला. माझा मघाचा चहा म्हशीच्या बादलीत ओतला.

तेवढ्यात टेम्पो आला. मामा उडी मारून उतरले आणि "आक्काऽऽ!" करत धावत सुटले. ओट्यावर आक्का कपबशी घेऊन उभी. "ये दादा. तुजा बिनसाकरंचा काडून ठिवलाय."

मामांना सावरायला मग दोघं लागले.

सगळे पांगल्यावर मी हळूच आईजवळ गेलो. मनात एकच धाकधूक. माझ्या एका आंघोळीपायी तिचा दुसरा डोळा तसाच राहायचा.

"आई, दुसऱ्या डोळ्याचं..."

"करनार की," आई म्हणाली. "चांगलं दिसतंय. पार न्हाणीतली कोंबडी दिसतीया हितनं."

माझा जीव भांड्यात पडला. "मग घराची काळजी करू नकोस. मी परत रजा टाकतो."

आईनं काळा चष्मा काढला, मला नव्या डोळ्यानं नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "नगं बाबा. घर म्या कोंबडीवर टाकून जाईन. तिला बसवली तितं ती बसली तरी."