ठिपके नसलेला भुंगा

बाई फोटो आधी उलटा धरत. पाकिटातून काढला की डोकं खाली, पाय वर, असा खिडकीच्या उजेडात नेत आणि मग बराच वेळ न्याहाळत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, चुकून धरलाय. तसं सांगायला गेले तर म्हणाल्या, "सुलटा धरला की काढणाऱ्याची हौस दिसते. उलटा धरला की किडा दिसतो."

सांगलीच्या एका छोट्या साप्ताहिकात त्या 'हा कोण?' नावाचं सदर चालवत. नव्वद साल उलटून गेलं होतं. खेड्यापाड्यांत तोवर साधे कॅमेरे पोचले होते. कुणाचा मुलगा फौजेतून येताना घेऊन आलेला, कुणाला लग्नात आहेर आलेला. लग्नाचे, बारशाचे फोटो काढून रोल संपत आला की उरलेल्या एकदोन फोटोंत लोक शेतातला, गोठ्यातला एखादा भुंगा टिपत आणि आमच्या पत्त्यावर पाठवत. तो कुठल्या जातीचा, काय खातो, पिकाला वाईट की चांगला, हे बाई सांगत. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि साताऱ्यात दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या. मी साप्ताहिकात मुद्रितं तपासत असे आणि माझं घर साताऱ्याचंच. त्यामुळे दर शनिवारी फोटोंचं पाकीट त्यांच्याकडे पोचवणं आणि रविवारी उत्तरं घेऊन येणं माझ्याकडे आलं.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील चळवळीतले. जेवणाच्या ताटाखालीसुद्धा कुठल्यातरी मोर्चाचं उरलेलं पत्रक असायचं. मी अक्षरं जुळवून वाचलेला पहिला मोठा शब्द 'निषेध' असावा. पत्रकाची शिस्त मला पाठ होती: वर अन्याय, मध्ये पुरावा, खाली दोषी माणसाचं नाव. बाईंना याची गंमत वाटे. "तुमच्या पत्रकात गुन्हेगार आधी ठरतो," त्या म्हणत, "मग त्याला पाय आणि मिशा चिकटवायच्या. माझ्याकडे भुंगा येतो तेव्हा काहीच ठरलेलं नसतं. फार अडचणीचा धंदा आहे."

त्यांचं एक वाक्य सदरातून इतक्या वेळा छापून आलं की गावांत त्याची थट्टा होऊ लागली. "पाठ सगळेच दाखवतात. पोट दाखवा." भुंग्याची खरी ओळख पुष्कळदा खालून पटते, पायांचे सांधे कसे आहेत, पोटावरचे पट्टे कुठे तुटतात त्यावरून. लोक मात्र चकाकत्या पाठीचा फोटो काढून मोकळे. मग बाई दुसरा फोटो मागवत. दुसरा आल्याशिवाय नाव सांगायचं नाही आणि सांगितलं तरी त्यापुढे 'बहुधा' लावायचं, हा त्यांचा नेम. संपादक त्या शब्दाला वैतागले होते. "त्यांना सांग, ज्योतिषाकडे गेलेला माणूस 'बहुधा' ऐकून उठतो का?" मी निरोप पोचवला. बाई शांतपणे म्हणाल्या, "मग ज्योतिषी ठेवा म्हणावं."

पोट दाखवायचं तर भुंगा चिमटीत धरावा लागतो. म्हणून फोटोंत बोटं येऊ लागली. किड्याचं काम झालं की बाई त्या बोटांकडे बघत बसत. हे मला फार उशिरा कळलं. एकदा मी आले तर त्यांनी टेबलावर तीन फोटो ओळीने मांडले होते. "शिराळ्याचा हा माणूस बघ. दिवाळीत याचा अंगठा ठेचला होता, नख काळं. इथे अर्धं वर आलंय. आणि आज बघ, नवं नख आलं." त्यांचा चेहरा असा उजळला होता, जसा घरातलं कुणी आजारातून उठल्यावर उजळतो. फलटणच्या एका बाईच्या हातात आधी हिरव्या बांगड्या होत्या, नंतरच्या फोटोत हात मोकळा होता. त्या फोटोतल्या सोंडकिड्याबद्दल बाईंनी नेहमीपेक्षा लांब, नेहमीपेक्षा मऊ उत्तर लिहिलं. त्या उत्तरात बांगड्यांचा उल्लेख अर्थातच नव्हता. त्या स्वतः कुणाकडे जात नसत, त्यांच्याकडेही कुणी येत नसे. आठवड्यातून एकदा पाकिटातून एवढी माणसं येत, तीही मनगटापर्यंतच.

मग रहिमतपूरच्या सुभेदारांचा फोटो आला. सुभेदार म्हणजे फौजेतून परतून ऊस बघणारे एक उत्साही गृहस्थ. फोटो काळापांढरा होता. मोठा, दणकट, काळा कुळकुळीत भुंगा, पाठीवर एक डाग नाही. आमच्या माळांवर पावसाळ्यात याच बांध्याचा एक भुंगा पळताना दिसतो. त्याच्या पाठीवर पांढरे सहा ठिपके असतात आणि छेडला तर तो जळजळीत पिचकारी मारतो. तो गुराख्यांनाही माहीत. पण ठिपके नसलेला? बाईंनी फोटो उलटा धरला, सुलटा धरला, भिंग आणलं, भिंग ठेवून दिलं. "तरुण असल्यापासून मी याला शोधतेय," त्या म्हणाल्या. "असा एखादा असला पाहिजे, असं मला नेहमी वाटायचं." आणि त्यांनी उत्तर लिहिलं. त्यात 'बहुधा' नव्हतं. 'नक्की' होतं. हा आपल्या भागात कधी न नोंदलेला, वेगळाच भुंगा आहे, नक्की.

संपादकांनी ते पहिल्या पानावर घेतलं. रहिमतपूरच्या शाळेत सुभेदारांचा नारळ देऊन सत्कार झाला. ज्या स्टुडिओत फोटो धुतला होता, तिथल्या सदाने तो मोठा करून काचेत लावला.

पुढच्या पावसाळ्यात एका शनिवारी मी बाईंकडे असताना सुभेदार स्वतःच दारात उभे राहिले. हातात पत्र्याचा डबा. "बाई, तुमचा पावना जित्ता धरून आणलाय! आता पोट बगा, पाठ बगा, काय पायजे ते बगा."

बाईंनी झाकण उचललं. आत तोच दणकट भुंगा गरागरा फिरत होता आणि त्याच्या पाठीवर पांढरेशुभ्र ठिपके होते.

"सुभेदार, याला ठिपके आहेत."

"व्हय की. असत्यातच त्याला."

"फोटोत नव्हते."

"फोटोत सदानं काढलं न्हवं का," सुभेदार कौतुकाने म्हणाले. "मला म्हनला, दाजी, फोटोवर डाग पडल्यात, ब्रश मारून देतो. नवरीच्या तोंडावरचा डाग काढतो मी, किड्याच्या पाठीवरचं ऱ्हाऊ दिऊ व्हय? लय झ्याक हात हाय त्याचा. कळतच न्हाई."

बाई हसल्या. मी त्यांना इतकं मोठ्याने हसताना कधीच पाहिलं नव्हतं. मग त्यांनी डबा अंगणात नेला आणि भुंग्याला सोडून दिलं. परत येऊन त्या खुर्चीत बसल्या.

"सोमवारी खुलासा द्यायचा," त्या मला म्हणाल्या.

सुभेदारांच्या ध्यानात आता आलं. "आवं बाई, कशाला? माझा सत्कार झालाय. नारळ बी खाऊन झाला. त्या किड्यानं काय तक्रार केलीया व्हय?"

"त्याने नाही केली," बाई म्हणाल्या.

सुभेदार गेल्यावर मी पेटलेच होते. मला पत्रक दिसू लागलं होतं. वर एका विदुषीची फसवणूक, मध्ये ब्रश आणि शाई, खाली सदाचं नाव. बाईंनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "सदाने त्याचं काम केलं. त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला डाग नकोच असतो. माझं काम दुसरा फोटो मागायचं होतं."

"मग का नाही मागितला?"

त्या म्हणाल्या, "भीती वाटली गं. दुसऱ्या फोटोत तो नेहमीचा निघाला असता तर?"

संपादकांना खुलासा नको होता. कुणाच्या लक्षात आलेलं नाही, येणारही नाही, असं त्यांचं म्हणणं. मी टेबलावर हात आपटून भांडले. शेवटी ते म्हणाले, "छापतो. पण पहिल्या पानावर चुकलेल्या माणसाचं सदर मी पुढे चालवू शकत नाही. हेही त्यांना सांग. मग ठरवू दे त्यांना." ही अट मला अन्यायाची वाटली, आजही वाटते. मी ती बाईंना जशीच्या तशी सांगितली आणि गप्प राहायची विनंती केली. सदर गेलं म्हणजे काय जाईल, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. त्या टेबलावरून हात फिरवत होत्या. तिथे त्या आठवड्याचे फोटो पसरलेले होते. कुणाची मेंदीची बोटं, कुणाची चुन्याने पांढरी झालेली.

"यांना मी दर वेळी म्हणत आले, दुसरा फोटो पाठवा, मी थांबते," त्या म्हणाल्या. "ते बिचारे पुढच्या रोलपर्यंत थांबले. छाप तू."

खुलासा चार ओळींचा होता. 'तो भुंगा नेहमीचाच होता. ओळखण्यात चूक माझी झाली. दुसरा फोटो न मागता मी नक्की म्हटले.' सदाचं नाव नव्हतं, ब्रशचा उल्लेख नव्हता. सदर त्याच अंकात संपलं.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. मी अजून पत्रकं लिहिते, अजून टेबलावर हात आपटते. पण खाली नाव लिहायची वेळ आली की पेन थांबतं. मग मी एसटी पकडून त्या गावाला जाते, त्या माणसाला भेटते आणि त्यानंतर लिहिते. माझे सोबती म्हणतात, तुझ्यामुळे उशीर होतो. होतो.

मला त्या आठवतात त्या सदर बंद झाल्यानंतरच्या पहिल्या शनिवारच्या. मी सवयीने त्यांच्या दारात गेले. हात रिकामे. त्यांनी दार उघडलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या, आत ये म्हणाल्या नाहीत. इतक्या वर्षांत मी पाकिटाच्या कामाशिवाय कधी आले नव्हते, त्यामुळे अशा वेळी काय करायचं हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. रस्त्यावरून एक टांगा गेला, तो जाईपर्यंत आम्ही त्याच्याकडेच बघितलं.

मग त्या बाजूला झाल्या. "चहा घेतेस?"

मी हो म्हटलं. त्या आत गेल्या. भांड्याचा आवाज आला, स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काही नाही. शेवटी त्या दाराशी आल्या, साखरेचा डबा हातात धरून, ओशाळल्यासारख्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "तुला साखर किती लागते, ते मी कधी विचारलंच नाही."