तीनशे बारा दाखले

संशोधक बाईंनी एकतीस वर्षं रक्ताचं पाणी करून उंदरांच्या मूत्रपिंडांवर चव्वेचाळीस शोधनिबंध लिहिले. त्यांतला एकच गाजला. तीनशे बारा जणांनी आपापल्या निबंधांत त्याचा दाखला दिला. ‘हे औषध मूत्रपिंडाला उपयोगी नाही,’ असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पण कुण्या शहाण्याने न वाचताच ‘उपयोगी आहे’ असं ठोकून दिलं आणि बाकीच्यांनी त्याचीच री ओढली.

आता निवृत्तीला त्याच आकड्यासाठी सत्कार होता.

“अगं, भाषणात खरं सांगून टाक की,” नवरा म्हणाला.

“चूक दाखवणारं पत्र छापून आणलं होतं रे मी,” बाई चष्मा पुसत म्हणाल्या. “त्याचेही नऊ दाखले झालेत. औषध उपयोगी आहे, याचा पुरावा म्हणून.”