सुतळीची गाठ

"समदं दिसतंय बघ त्याला. न्हाईतर एवढ्या घागरींत आपलीच बरोबर कशी घावती?" शेजारच्या काकू माझ्या कानाशी पुटपुटल्या. लातूरच्या त्या दुष्काळात टँकर यायच्या आधी गल्लीत प्लास्टिकच्या घागरींची रांग लागायची आणि माणसं सावलीला बसायची. काळा चष्मा घातलेले गल्लीतले आंधळे काका काठी टेकत यायचे आणि न विचारता आपल्या घागरीपाशी थांबायचे. संशय मलाही होता, म्हणून मी त्यांच्या हातांकडे बघत राहायची. त्यांच्या घागरीच्या गळ्याला सुतळीची गाठ होती. बोटं तीच शोधायची. त्या दिवशी काकूंनी रांगेत पुढे असलेली काकांची घागर उचलून पार शेवटी नेऊन ठेवली. "आता बघू, सरळ तिकडं जातो का." टँकर आला, पाइप सरकू लागला. काका नेहमीच्या जागी आले आणि त्यांची बोटं त्याच दोन-तीन घागरींवरून पुन्हा पुन्हा फिरली. पाणी शेवटपर्यंत पुरत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी जो तो आपलीच घागर पाइपाखाली धरत होता. माझ्या इंग्रजी शाळेतल्या मराठीला काकू हसायच्या, म्हणून मी गल्लीत तोंडच उघडत नसे. आजही ओल्या प्लास्टिकचा वास आला की तेव्हाचा माझा चिरका आवाज आठवतो: "काका, तुमची घागर या काकूंनी शेवटी ठेवलीय. थांबा, मी आणते."