अंतरपाटापाशी थांबलेली गोष्ट

सकाळी चहा उकळत होता आणि पुष्पाच्या थोरल्या मुलाचा फोन आला. "मालूमावशी, मम्मी रात्री झोपेतच गेली." एवढंच. मी "बरं" म्हणाले. बरं कसलं, डोंबलाचं! पण तोंडातून तेच निघालं. गॅस बंद केला, चहा गाळला, दोन कप भरले आणि मग लक्षात आलं की घरात मी एकटीच आहे. खरं सांगू? त्या क्षणी मला रडू आलं नाही, राग आला. अगं बाई, माझी गोष्ट अर्धी राहिलीय ना! आत्याच्या लग्नात अंतरपाट धरलाय, नवरदेव पाटावर उभा आहे आणि तू शेवट न ऐकताच निघालीस? मधूनच उठून जाणाऱ्यातली पुष्पा नव्हतीच कधी…

हे अर्ध्या गोष्टीचं प्रकरण नीट सांगायला हवं. आम्ही तिघी धुळ्याच्या हॉस्टेलातल्या. पुष्पा मारवाडी जैन घरातली, पुढे जळगावच्या दाणाबाजारातल्या मोठ्या घरात सून म्हणून आली. सुनंदा धुळ्याचीच झाली, सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून निवृत्त झाली. मी जळगावला शाळेत शिक्षिका. हॉस्टेलात पुष्पा आणि सुनंदा एका ताटात जेवायच्या तेव्हा दोन्हीकडच्या कपाळांना आठ्या पडायच्या. एकीच्या घरी सोवळं, दुसरीच्या घरी बुद्धवंदना. पुष्पा म्हणायची, "ताट माझं, भूक माझी, यांचं काय जातं?" मग लग्नं, मुलं, बदल्या, सासवा… मधली वर्षं कुठे गेली कुणास ठाऊक. सगळं हातावेगळं झाल्यावर पुष्पानंच टूम काढली की महिन्यातून एकदा बाहेर जेवायचं. तिघींनीच. नवऱ्यांना, सुनांना, नातवंडांना आत प्रवेश नाही. सुनंदा एसटीनं यायची, अर्ध्या तिकिटात, आणि रात्री माझ्याकडे मुक्काम. कधी आम्ही दोघी धुळ्याला जायचो.

आता गंमत अशी की पुष्पाचं चोविहार. सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. म्हणजे आमचं रात्रीचं जेवण उन्हात! हायवेच्या कडेच्या आमच्या त्या हॉटेलात आम्ही पोचायचो तेव्हा टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या असायच्या आणि वेटर डोळे चोळत म्हणायचा, "ताई, भट्टी तर पेटू द्या." मागच्या बाजूला कडुनिंबाखाली आमचं टेबल. पुष्पासाठी बिनकांद्या-लसणाची शेवभाजी, आमच्यासाठी चांगली झणझणीत, नाकाडोळ्यांतून पाणी काढणारी. शेव वेगळ्या वाटीत यायची, कारण आधी टाकली तर तिचा लगदा होतो. मी बोलण्याच्या नादात टाकायची विसरले की सुनंदा खेकसायची, "बठ्ठं थंडं व्हई जाई, खा ना वं!" सुनंदा दवाखान्यात शुद्ध बोलायची. आमच्यात आली की तिची अहिराणी मोकळी सुटायची.

मग पश्चिमेकडे कपाशीच्या शेतांवर ऊन लालसर व्हायला लागायचं. पुष्पा एकदा तिकडे बघायची, पाण्याचा शेवटचा घोट घ्यायची, पदरानं तोंड टिपायची आणि खुर्चीत मागे रेलून म्हणायची, "झालं माझं. आता बोला." ती जी बसायची ती नुसत्या कानांनी. आमचा पापड, भात, ताक रमतगमत चालायचं, अंधार हळूहळू टेबलावर उतरायचा, ट्रक जायचे, कुणीतरी झाडातला दिवा लावायचं… आणि पुष्पाचे प्रश्न. "तिनं साडी कुठली नेसली होती?" "पंगतीत काय काय होतं?" "मग तो परत आला की नाही?" माणूस परत येत नाही अशी गोष्ट तिला चालायचीच नाही. सुनंदा वॉर्डातली एखादी वाईट हकिगत सांगायला लागली की ही हात जोडायची, "त्याला बरा कर गं, तुझ्या पाया पडते." सुनंदा म्हणायची, "मी काय डॉक्टर शे?" पण करायची बरा. निदान टेबलापुरता.

आणि नियम पुष्पाचाच. उठायच्या वेळेला जी बोलत असेल तिनं गोष्ट अर्धी ठेवायची. उरलेली पुढच्या महिन्यात, त्याच टेबलावर. घरी जाताना, रिक्षात, रात्री अंथरुणात, कुठेही सांगायची नाही. सुनंदा माझ्याकडे मुक्कामाला असायची आणि दिवा मालवल्यावर कितीदा लाडीगोडी लावायची! मी सांगायची नाही. पुष्पाचं म्हणणं होतं, "बाईमाणसाला घराबाहेर पडायला कारण लागतं. पाहुणे आले, नातू तापला, पाऊस आला, की आपण पहिल्यांदा आपलं जेवण रद्द करतो. गोष्ट अर्धी असली की पाय आपोआप निघतो." अगदी खरं होतं ते. एकदा मला कणकण असताना निव्वळ सुनंदाची सासू पळून कुठे गेली ते ऐकायला मी गेले होते.

शेवटच्या जेवणाला बोलण्याची पाळी माझी होती. मी माझ्या आत्याच्या लग्नाची गोष्ट काढली. वऱ्हाड धरणगावाकडून बैलगाड्यांनी निघालं होतं. लग्न गोरज मुहूर्तावर. वाटेत एका फाट्यावर वाजंत्री उभी होती. वाजंत्रीवाल्यांनी गाड्या पाहिल्या, सनई धरली, चार माणसं फेटे सांभाळत पुढे आली, "या, या!" आणि वऱ्हाड त्यांच्यामागं निघालं. गाव कुठलं, कुणी विचारलंच नाही. वरपक्षानं वाट विचारायची? नाक कापलं गेलं असतं! गावात पाय धुतले गेले, गंध लागलं, दुपारी तुपाची धार सोडून वरण-बट्टीचं जेवण झालं. सगळे आडवा हात मारून जेवले, झोपले, उठले. संध्याकाळी नवरदेव मुंडावळ्या बांधून पाटावर उभा राहिला. अंतरपाट धरला. आणि नवरीच्या बापानं मुलीचं नाव सांगितलं… ते माझ्या आत्याचं नव्हतं.

मी इथं थांबले आणि पर्स उचलली. सुनंदा ओरडलीच, "हाई काय रीत शे वं? मंग काय व्हयनं?" पुष्पानं माझा हात घट्ट धरला होता. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "अंतरपाटापाशी सोडून चाललीस? आणि तिकडे तुझी आत्या हळद लावून बसलीय त्याचं काय?" "पुढच्या महिन्यात," मी म्हटलं. "मेली, मला झोप नाही येणार," ती म्हणाली. रिक्षात बसल्यावरही मागे वळून बोट नाचवत होती. ते तिचं शेवटचं दर्शन.

त्यानंतर मला एकच टोचणी लागली. लोकांना वाटेल, काय ही बाई! माणूस गेलं आणि हिला गोष्टीचं पडलंय. पण मला खरंच दुसरं काही सुचत नव्हतं. पहाटे जाग आली की वाटायचं, तिला आता कोण सांगणार? आणि खरी गोष्ट मला माहीत होती, म्हणून जास्तच वाईट वाटायचं. खरं काय झालं होतं, तर चूक उघडी पडल्यावर वऱ्हाडानं गाड्या उधळल्या आणि ते काळोख पडल्यावर आमच्या गावी पोचलं. मुहूर्त टळलेला. पंगत वाया गेलेली, कारण वऱ्हाडाची पोटं तट्ट भरलेली. आजोबा संतापानं थरथरत होते. लग्न लागलं, पण कुणी कुणाशी बोललं नाही. आत्याला जन्मभर "भरल्या पोटाचा नवरा" म्हणून टोमणे मिळाले. घरात कुणी हा विषय काढला की आत्या उठून आत जायची. मी ते हसतखेळत सांगणार होते, मीठमसाला लावून… पण पुष्पानं आत्याचं काय झालं हे विचारलंच असतं.

काही आठवड्यांनी, भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर, मी तिच्या घरी गेले. तिचे यजमान कांतीशेठ गॅलरीत बसले होते. त्यांचं जेवण नुकतंच उरकलं होतं, आकाशात अजून उजेड होता. या माणसाशी मी आयुष्यात दहा वाक्यं बोलले नसेन. आम्ही तर धरूनच चाललो होतो की शेठना आमची ही थेरं पसंत नाहीत. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, "ताई, त्या सुनंदाताईंची सासू नाशिकला भावाकडे सापडली ना?"

मी खुर्ची पुढे ओढली. "तुम्हाला कसं माहीत?"

"सगळं माहीत आहे," ते म्हणाले. "ती आली की आम्ही इथंच बसायचो. दिवा न लावता. ती सांगायची, मी ऐकायचो. गल्ल्यावर बसून माझा जन्म गेला ताई, मित्र असे मला नाहीतच. मी तुमच्या टेबलावरच होतो म्हणा की." मग जरा हसले. "शेवटच्या वेळेला म्हणाली, मालूनं अर्धीच ठेवली. मी म्हटलं, असं कसं, मला आजच सांग. मी अगदी हट्टच धरला. तर म्हणाली, थांबा, मी सांगते पुढचं."

आणि शेठनी मला माझ्या आत्याच्या लग्नाचा शेवट सांगितला… आत्या हळद लावून वाट पाहत होती. ऊन कलायला लागलं तशी ती उठली. म्हणाली, ते वाट चुकले असतील तर आपण जाऊ. गाडी जुंपायला लावली, वरण-बट्टीची पातेली मागे ठेवली, हिरवा शालू खोचला आणि स्वतः पुढे बसली. त्या परक्या गावच्या मांडवात ती पोचली तेव्हा अंतरपाट अजून धरलेलाच होता. तिनं मोठ्यानं स्वतःचं नाव सांगितलं. तेवढ्यात त्या दुसऱ्या मुलीचा नवरदेवही धुळीनं माखलेला धापा टाकत आला. मग एकाच मांडवात, एकाच गोरज मुहूर्तावर दोन लग्नं लागली, आणि दिवस मावळायच्या आत दोन्ही गावांची पंगत एकत्र उठली. कुणी उपाशी राहिलं नाही, कुणी रुसलं नाही.

"ती म्हणाली होती, पुढच्या महिन्यात मालूला विचारून खरं काय ते सांगते," शेठ म्हणाले. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. "खरं तसंच झालं का हो, ताई?"

शाळेत मी मुलांना खरं बोला, खरं बोला म्हणून आयुष्यभर शिकवलं. "अगदी तस्संच झालं, शेठ," मी म्हणाले. "शालूचा रंगसुद्धा बरोबर." त्यांनी मोठा सुस्कारा सोडला आणि मान हलवत राहिले. खाली दुकानांचे दिवे लागत होते.

परवा मी धुळ्याला गेले. सुनंदा स्टँडवर न्यायला आली होती. कुठे जायचं, कधी जेवायचं, काही न ठरवता आम्ही दोघी एका हॉटेलात जाऊन बसलो. जेवण आलं, पण हात कुणी लावला नाही. शेवटी तिनंच विचारलं, "मंग? नवरीना बापनी नाव सांगं. पुढे?" मी सांगायला लागले. आत्या उठली… गाडी जुंपली… पातेली मागे ठेवली… मांडवात उभं राहून मोठ्यानं स्वतःचं नाव सांगितलं. सांगताना मला आत्या दिसत होती, पण तिचं हसणं पुष्पाचं होतं. दोन लग्नं लागली, पंगत उठली, मी थांबले.

सुनंदा माझ्याकडे टक लावून बघत होती. तिचे डोळे भरून आले. तिनं टेबलावरून हात पुढे करून माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "हाऊ शेवट तुन्हा नही वं, मालू… हाऊ पुष्पाना शे."